एल एल चौऱ्याऐंशी

सोहार. संध्याकाळचे सात बारा.
गच्चीवर पाण्याच्या टाक्या, एसीचं ठिबकणारं पाणी,
आणि माझ्या हातात अँटेना:
पोलादी मोजपट्टी कापून नळीला बांधलेली.
झेल्यानं आंबा उतरवावा तसा मी मान वर करून उभा.
खमीस अल-बलूशी शेजारी.
परवाना त्याचा, घड्याळ त्याचं, चहाचा थर्मास त्याचा.
माझा फक्त हात.

इराणच्या बाजूनं येतो तो.
कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी केलेला, तुपाच्या डब्याएवढा.
पोरं नोकऱ्यांना लागली, त्यांना पोरं झाली,
याची बॅटरी चौथ्या वर्षीच गेली.
तेव्हापासून ऊन असेल तोवर बोलतो,
सावलीत शिरला की गप्प.
आमचा दिवस कधीच मावळलाय,
त्याच्याकडे सहाशे किलोमीटर वर
थोडा उरलाय अजून.

आधी नुसती खरखर.
मग खरखरीला पीळ पडतो, मी बटण किंचित फिरवतो.
येताना सूर चढा, जाताना उतरलेला,
न थांबता गेलेल्या गाडीच्या शिट्टीसारखा.
आणि सगळे एकदम तुटून पडतात:
शिराझचा विद्यार्थी, कराचीचे दातांचे डॉक्टर,
कुठल्या तरी जहाजावरचा कुणी.
डब्याला कान एकच.
दोघं बोलले की दोघंही जातात.

मग बाई येतात.
एम के पासष्ट, वेंगुर्ला.
कुमुद आरोलकर, टेलिफोन एक्स्चेंज, निवृत्त.
छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडले,
स्वतःचं बोलणं एवढंच: तीन मिनिटं झाली, वाढवू?
आता इस्त्रीच्या इंग्रजीत म्हणतात,
कराची, थांबा. शिराझ, तुम्ही आधी.
मागे जो कोण आहे त्यानं बटण सोडा.
आणि सोडतात हो सगळे.

मला मात्र मालवणीत:
"एल एल चौऱ्याऐंशी, आवाज पातळ येता तुझो,
अँटेना वायच डावीकडे धर."
मी परभणीचा. अर्धं मला कळतं,
उरलेलं हाताला.

इथं खासगी बोलायचं नाही, असा नियम.
नाव, नकाशावरचा चौकोन, आवाज किती स्वच्छ.
खरं सांगू, मला बरं वाटतं ते.
खिशात फोन आहेच. घरी रोज बोलणं होतं:
हप्ता, आईचा गुडघा, पोराचा क्लास.
फोन ओळखीच्यालाच लागतो.
हे म्हणजे विहिरीत वाकून हाक मारावी
आणि आतून दुसऱ्याच कुणी आपलं नाव सांगावं.

शिराझ तीन आठवडे आलेला नाही.
मंगळवारी बाईंनी सगळ्यांना थांबवलं.
"शिराझ, शिराझ, आहात का?"
आणि बटण सोडून वाट पाहिली.
सोळा सेकंद. खमीसनं मोजले.
अकरा मिनिटांच्या बाजारात सोळा सेकंद म्हणजे काय
ते गच्चीवर उभं राहिलेल्यालाच विचारा.
कुणी मधे घुसलं नाही.
कराचीसुद्धा नाही.

मग मला म्हणाल्या,
"तू त्येच्या जवळ आसस मरे. तुका काय आयकाक येता?"
जवळ! मधे अख्खी खाडी.
पण वेंगुर्ल्याहून तसंच दिसत असणार.
मी बटण दाबलं.
"बाई, इथून तर" म्हणालो,
आणि डबा सावलीत गेला.

"किती पोचलं असेल?"
खमीस थर्मासचं झाकण फिरवत होता.
"'बाई' पोचलं असेल," म्हणाला.
चहा ओतला. साखर नेहमीसारखी जास्त.

अँटेना खाली ठेवायला हवी होती.
हात आपसूक वायव्येला वळला,
शिराझकडे.
"तिकडे आता काही नाही," खमीस म्हणाला.
माहीत होतं मला.
कप डाव्या हातात घेतला.