वाजलं

दिवा लागतो.
पाणी मात्र गार, नळाला आलं तसंच.
चार दिवस डिसेंबरात गॅसवर पातेली चढतायत
आणि स्वयंपाकघर ते बाथरूम
सांडत गेलेल्या वाटेवर
दोनदा घसरता घसरता वाचले मी.

दस्तगीर मिस्त्री फोनवर म्हणतो, "आलोच की ताई,
कळंब्यात हाय, अर्ध्या तासात."
त्याचा अर्धा तास सोमवारपासून चालू आहे.

आज अण्णांनी प्लास्टिकचं स्टूल
बाथरूमच्या दारात आणून ठेवलं.
बसले. म्हणाले, "खोल."

उद्यमनगरात एकतीस वर्षं
जळक्या मोटारी भरल्या त्यांनी,
तांब्याच्या तारेचे वेढे तोंडातल्या तोंडात मोजत.
बेअरिंग गेलंय का बघायला
स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ कानामागं,
आणि शेजारच्या लेथवाल्याला हातानंच, थांब.
त्या शेडनंच मग हळूहळू कान नेले.
कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये आहे, सेलसकट.
ते घातलं की कुकर, बुलेट आणि मी
सगळे एकाच आवाजात ओरडतो म्हणे.

"मेन बंद केलास?"
मी मान हलवते.
"तरी टेस्टर लाव."
लावते. चार स्क्रू, एक गंजलेला, त्याला खोबरेल.
रबरी नळी मोरीत सोडली तसे पंचवीस लिटर
कंटाळलेल्या पाहुण्यांसारखे निघून गेले.

वीतभर लांब थर्मोस्टॅट, बारीक कांडीचा.
"उकळत्या पाण्यात बुडव."
मी पातेलं धरलं.
अण्णांनी लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक थर्मोस्टॅटच्या डोक्यावर टेकवलं
आणि मूठ दातात धरली.
दात अजून स्वतःचे आहेत,
हे ते लग्नकार्यात अनोळखी माणसांनाही सांगतात.
वाफेत डोळे मिटलेले.
मला एवढंसं टक् ऐकू आलं, सांगायला तोंड उघडणार
तोच मूठ न सोडता, बोबडं,
"वाजलं."

म्हणजे हे ठीक. मग कॉइल.
बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, बोटभर जाड,
चमच्यानं ठोकला तर फुटक्या बत्ताशासारखा पडला.
मीटरच्या दोन तारा दोन टोकांना लावल्या.
आत वाट असेल तर शिट्टी वाजते.
पुन्हा लावल्या.
अण्णा माझ्या तोंडाकडं बघत, मी मीटरकडं.
"काय?"
मी दोन्ही हात उलटे केले. काही ऐकू येत नाही.
अण्णा खुदकन हसले.
"आता कसं वाटतंय?"

शाहूपुरीतून नवी कॉइल आणली, दोन किलोवॅटची.
वॉशर विसरले. परत गेले.
दुकानातल्या पोरानं विचारलं, "मिस्त्री कोण?"
मी "मीच" म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं
पण पुरतं खरंही नव्हतं.

अंधार पडता पडता मेन चालू केला.
दिवा लागला.
दिव्यावर आता कोण विश्वास ठेवतंय.
अर्थिंग दोनदा बघून घेतल्यावरच
अण्णा टाकीशी उभे राहिले,
टोक पत्र्यावर, मूठ दातात,
आत पाणी सूं धरतंय का ते ऐकत.

मी पलीकडून टाकीला गाल लावला.
पत्रा अजून गारच होता.
आणि कितीतरी वर्षांत
या घरात न वापरलेल्या आवाजात,
शेजारी भिंतीलासुद्धा कळू नये इतक्या हळू म्हणाले,
"अण्णा, बसा तुम्ही. तापलं की सांगतो मी."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर दातातून काढला,
शर्टाला पुसला.
"बसतो की," म्हणाले,
"ओरडतीस कशाला?"