सव्वासात सेंटिमीटर

एकतीस वर्षं मी दात घडवले.
सुल्काव्यातली निम्मी म्हातारी माणसं
अजून माझ्याच दाढांनी काळा पाव चावतात.
निवृत्त झाले, आणि त्याच मेणावरून, त्याच भट्टीत
ओतला चार पात्यांचा पंखा,
सोन्याऐवजी काशाचा.

'काइस्ला'चे आराखडे कुठेच नाहीत.
कंपनी बुडाली, कागद कुणी चुलीत घातले,
बोट भंगारात गेली तेव्हा मी नऊ वर्षांची.
उरला एक फोटो:
धुराड्याला टेकून बाबा, काजळी पुसून उभे,
मागे ओंडक्यांचा तराफा, सायमा सरोवरभर.
सैन्याच्या वहीत त्यांची उंची आहे, एकशे चौऱ्याहत्तर.
तेवढं पुरलं.
बाबांनी मी बोट मोजली.
धुराडं अडीच बाबा.
डोलकाठी पाच बाबा आणि वर एक टोपी.
झरोक्याची चौकट तीस सेंटिमीटर,
हनुवटीपासून तिसऱ्या गुंडीपर्यंत.
मग सगळ्याला चोविसानं भागलं.
बाबा झाले सव्वासात सेंटिमीटर,
लिंबाच्या लाकडाचे नव्हे, बर्चचे. इथे लिंब कुठला.

तीन हिवाळे.
फळ्या केटलीच्या तोंडाशी धरून वाकवल्या.
सांगाडा किती तरी दिवस नुसता खाल्लेला मासा दिसायचा.
बॉयलर तांब्याचा; चांदीचा डाग देताना
श्वास जरी जोरात सोडला तरी सांधा रुसतो.
आर्व्हो, रेल्वेतला जुना फिटर, म्हणाला,
"आधी थंड पाणी भर, हेल्व्ही. वाफेवर भरवसा सगळ्यात शेवटी."
पंपानं दुप्पट दाब दिला.
काटा सहावर थरथरला
आणि तिसऱ्या नळीपाशी मोहरीएवढा थेंब.
सगळं उकललं. पुन्हा.

मार्चमध्ये लेम्पीच्या सौनात गेले.
भिंतीत गोल खिडकी, पितळी चौकट,
वाफेनं डोळा आल्यासारखी.
"सासऱ्यांनी भंगारातून उचलली," ती म्हणाली,
"कुठल्याशा ओढबोटीची."
डावीकडचा एक स्क्रू नव्हता.
फोटोतही तो नाही.
तशीच उघडी, घामाघूम, वितेनं मोजली.
दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले, कपड्यांत.
बत्तीस.

रात्रभर फोटोवर भिंग.
बाबांच्या बुटांपुढे दोराचं वेटोळं,
वेटोळ्यामागे फिकट, गोल काहीतरी:
बर्चचा ओंडका.
भट्टीत जायचा तो बाबांच्या पायाखाली.
बारा सेंटिमीटर.
कुणासाठी?
आईकडे कॅमेरा नव्हता.

म्हणजे सगळी बोट चुकली,
खिळ्यापासून डोलकाठीपर्यंत, सारख्याच प्रमाणात,
इतकी सारखी की चूक कुठेच दिसत नाही.
चोविसावा नाही, साडेपंचविसावा हिस्सा, एवढंच.
आर्व्हो म्हणाला, पाटीवर आकडा बदल आणि गप्प बस.
मी बदलला.
मग बाबांच्या पायांतून साडेचार मिलिमीटर कापले
आणि तेवढाच ठोकळा खाली ठेवला.
उंची तीच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ फुटला.
स्पिरिटची ज्योत. दहा मिनिटं काहीच नाही.
आर्व्होनं घड्याळ पाहिलं, मी पाहिलं नाही.
मग खोकल्यासारखा पहिला ठोका,
मग दुसरा,
आणि 'काइस्ला' लव्हाळ्यांतून निघाली
मागे चाळीस पेन्सिलींचा तराफा ओढत,
तिच्या नावाचा अर्थही लव्हाळंच.
लाटांना कुणी मापं सांगितली नव्हती.
एक आली, नेहमीच्या आकाराची,
आणि बाबा ठोकळ्यासकट डोलले, पण पडले नाहीत.

परत आली तेव्हा शिट्टीच्या दोरीला हात घातला.
उकळता थेंब मनगटावर उडाला,
कशानंही न भागलेला.
डाग अजून आहे.
लेम्पी म्हणते, कोरफड लाव.