आडवं वांगं

तीनशे अकरा ट्रॉल्या केल्या या शेडमध्ये.
केळीच्या घडांसाठी, उसासाठी, कापसाला उंच जाळीच्या,
एक तर फैजपूरच्या मंडपवाल्याची, खुर्च्या न्यायला.
तुम्ही क्विंटल सांगा, मी पाटे सांगतो.
पण आडनाव झोपे असून
माणसं झोपतील अशी ट्रॉली
जन्मात पहिल्यांदा.

कुमुदिनीला म्हटलं, आडवी हो.
ती म्हणाली, इथं? या लोखंडाच्या किसात?
मग झाडलं, गोणपाट टाकलं,
ती झाली आडवी, डोळे मिटून, पदर गुडघ्यांवर ओढून,
आणि मी खडू घेऊन तिच्याभोवती रांगलो.
एकोणचाळीस वर्षं एका खोलीत,
आणि मला माहीत नव्हतं
की तिचा डावा कोपर बाहेर राहतो,
की पाय दुमडले की ती पावणेचार फूटच उरते.
ती उठली तेव्हा फरशीवर
नकाशातल्या कुठल्याशा तालुक्यासारखं काहीतरी राहिलं.
त्याच्या शेजारी तिनं माझा काढला.
पोटापाशी खडू जरा लांबूनच नेला.

दोघांचे मिळून सव्वासहा बाय चार.

सांगाडा चाळीसच्या चौकोनी पाइपचा,
आस एका जुन्या ओम्नीचा, भुसावळच्या भंगारातला.
तिथवर हात आपोआप चालले.
अडलं ते छताच्या गोलाईला.
लोखंड तापवलं की ऐकतं.
प्लायवूडचा स्वभाव मला ठाऊक नव्हता.
पहिली शीट कमानीवर दाबली
तर कडाकड बोलली आणि मोडली.
दुसरीही.
तिसरी उचलली तेव्हा कुमुदिनी चहा घेऊन आली होती,
म्हणाली, वाळलेली कुरडई कोणी वाकवतं का?

मग शीटवर ओली पोती, पोत्यांवर ड्रिपची नळी,
रात्रभर थेंब थेंब, जसं केळीच्या बुडाशी.
सकाळी नुसता हात ठेवला
आणि ती आपणहून कमानीवर बसली.

घनश्याम नेहेते रोज सायकल थांबवून बघायचा.
काय करू राह्यला, दिगूभाऊ?
घर.
हे? हे तं भरताचं वांगं दिसू राह्यलं, आडवं पडेल!
मी सांगणार होतो की पुढं फुगीर, मागं निमुळतं,
म्हणजे वारा अडत नाही.
पण बघितलं, तर खरंच वांगं.
देठ तेवढा चुकीच्या टोकाला, जिथं हुक आहे.
भाचा फोनवर म्हणाला, मामा, या आकाराला अश्रू म्हणतात.
कुमुदिनी म्हणाली, रडायला एवढं लोखंड लागतं?
रंग मग बामणोदच्या वांग्याचाच आणला,
फिकट हिरवा, त्यावर पांढऱ्या रेघा.

मागची डिकी म्हणजे तिचं स्वयंपाकघर.
शेगडी, दोन डबे, एक फळी.
फळी दोनदा सोडवली आणि वर घेतली,
कारण बडगी आत मावत नव्हती
आणि बडगीशिवाय ती तोरणमाळला येणार नव्हती.

काल पाण्याची चाचणी.
ती आत बसली बॅटरी घेऊन,
मी नळी धरून छतावर धार सोडली.
गळतंय?
नाही.
आता?
नाही.
बिजागरीवर धार धरली. आता?
आतून काहीच नाही.
पाणी बंद केलं, दार उघडलं.

ती झोपली होती.
बॅटरी चालूच, हातातून निसटलेली.
डावा कोपर बाहेर, बरोबर खडूच्या जागी,
आणि पायांच्या पुढं, जिथं तिचं माप संपतं,
बिजागरीतून एक एक थेंब पडत होता.

रबर आणायला हवं होतं. दुकान उघडं होतं.
मी डिकीतून एक वाटी काढली,
थेंबाखाली ठेवली,
बॅटरी विझवली
आणि चपला बाहेर काढून
माझ्या तालुक्यात शिरलो.