उपस्थिती एकशे बारा

अहवाल मलाच लिहायचा होता.
तासिका तत्त्वावरच्या बाईकडे हीच कामं येतात:
बॅनरवरचे ऱ्हस्व-दीर्घ, शाल, नारळ,
फायलीसाठी फोटो, तारीख दिसेल असे.

विषय: वंश, विविधता आणि बहुसांस्कृतिक शिक्षण.
स्थळ: शहादा, बी.एड.चं सभागृह,
म्हणजे खालची मोठी वर्गखोली,
पंखे चार, फिरणारे दोन.
पाहुण्या डॉ. टिपणीस,
रात्रभर गाडीत बसून आलेल्या.

त्यांनी पडद्यावर लांबच्या देशातला वर्ग दाखवला.
चार रंगांची मुलं, एकच गोल.
चांगलं बोलल्या. खरंच.
कागद न बघता, घाम पुसत.
"गप्प मुलाकडे भाषा नसते असं नाही,
आपल्याकडे कान नसतो."
हे मी लगेच उतरवून घेतलं,
अहवालात शोभलं असतं.

तोवर हजेरीचा कागद बाकांवरून मागे सरकत होता.
पाटील, पाटील, चौधरी, गिरासे, पाटील,
सोनवणे, पुन्हा पाटील,
मग भिंतीलगतच्या दोन बाकांवर
पावरा, वळवी, पाडवी, पावरा.
इथे बस, तिथे बस, कुणी म्हटलं नव्हतं.
म्हणावं लागत नाही.

"आता विचारा. ज्याच्या त्याच्या भाषेत."
या वाक्याला टाळ्या पडल्या.
आणि टाळ्या संपायच्या आत
रेलकी पावरा उभी राहिली.
धडगावच्या वरच्या अंगाची पोर,
वर्षभरात 'हजर' सोडून
तिचा दुसरा शब्द मी ऐकला नव्हता.

ती पावरीत बोलली.
बराच वेळ.
मध्येच एकदा हसली.

प्राचार्य म्हणाले, मराठीत बोल बेटा, मराठीत.
ती बसेना.
पाहुण्या म्हणाल्या, थांबा, मला कुणी सांगेल का?
पुढचे बाक मागे वळून बघत राहिले,
मागचे आपल्याच बाकाच्या लाकडाकडे.

मी दोन वर्षं तोरणमाळच्या वाटेवर
आश्रमशाळेत काढली आहेत.
ओलं सरपण, गळकी कौलं,
आणि पोरींनी मला शिकवलेली भाषा,
शिव्यांपासून सुरुवात करून.

रेलकी म्हणाली होती:
आमच्या पाड्यावर मला कुणी काळी म्हणत नाही,
तिथे सगळेच माझ्यासारखे.
रंग मला इथे मिळाला,
प्रवेशाच्या पावतीसोबत, फुकट.
(इथे ती हसली. मीही हसले.
अख्ख्या खोलीत आम्ही दोघीच.)
मग म्हणाली:
खोली बघायला गेले तर म्हातारीने आधी आडनाव विचारलं,
मग म्हणाली, कालच दिली.
दोन महिने झाले. मी येता-जाता बघते,
कुलूप तेच आहे.
दूध डेअरीच्या मागे, जिन्याखाली पिवळं दार.
बाई, तुमच्या त्या गोलात बसायचं,
तर आधी राहायचं कुठे?

पिवळा रंग मीच निवडला होता.
किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती.

कुणी सांगेल का, पाहुण्यांनी पुन्हा विचारलं.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
रेलकी माझ्याकडे बघत होती,
हसताना तिने मला पाहिलं होतं.
मग प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं,
आभार मानायला मलाच उठवलं,
आणि मी आभार मानले, शुद्ध मराठीत,
मुलाखतीला जी नेसून गेले होते तीच.

लिहिलं:
उपस्थिती एकशे बारा.
विद्यार्थिनींचा उत्स्फूर्त सहभाग.
वेळेअभावी प्रश्नोत्तरे आटोपती घेण्यात आली.

रात्री सासूबाई भाकरी उलटत विचारतात,
"आज काय व्हतं वं कालेजमा?"
"भाषण व्हतं."
"कसानं?"
मी ताटं मांडते. एक जास्त मांडलं जातं,
ते उचलून परत ठेवते.
"समजनं का मंग तुले काही?"
"समजनं," मी म्हणते.
"समदं समजनं."