काय उजेड पाडलास

तार्तूत जानेवारीचा दिवस
चार वाजायच्या आत दुकान बंद करतो.
मग तळघरातल्या आमच्या खोलीत
एकच सूर्य उरतो, झेनॉनचा,
बुटांच्या खोक्याएवढ्या पेटीत कोंडलेला.
त्याच्या उजेडाची मी एक बारीक चिरफळी काढते,
दोनशे ऐंशी नॅनोमीटरची,
डोळ्यांना न दिसणारी.
साधी काच तिला गिळून टाकते,
म्हणून क्युव्हेट क्वार्ट्झची.
कडांना धरायची, पोटाला बोट लावायचं नाही.
तिची किंमत माझ्या निम्म्या भाड्याएवढी,
हे मारेट दर सोमवारी ऐकवते.

आत पाण्यासारखं पाणी.
त्यात डोपामिन.
एका पेशीनं दुसरीच्या कानात सांगायची गोष्ट;
इथे ऐकायला कोणी नाही.
अब्जावधी निरोप आणि एकही पत्ता नाही.
किरण आत शिरतो, रेणू तो पितो,
आणि घोटभर परत करतो,
जरासा दमलेला,
तीनशे सोळाच्या आसपास.
बाकीचा कुठे जातो?
ऊब होते त्याची, मारेट म्हणते.
कुणाचे हात शेकणार नाहीत इतकी.

शनिवारी वडिलांचा फोन.
एल्मार, वय चौऱ्याहत्तर,
तीस वर्षं पीट काढलेला माणूस.
दलदलीच्या पोटातली ती काळी, जळणारी माती
अजून त्यांच्या नखांच्या कोपऱ्यांत आहे.
"काय उर्वे, काय उजेड पाडलास?"
पूर्वी यात टोमणा असायचा.
आता खरंच विचारतात.
रिसीव्हर त्यांच्या गालावर टकटक वाजत राहतो.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले,
"दारावर कोणी आलंय का?"
"कोणी नाही," ते म्हणाले. "मीच आहे."

एका गुरुवारी मी आम्लाचा थेंब घालायला विसरले.
क्युव्हेट रात्रभर टेबलावर, झाकणाशिवाय.
नव्या पोराला शहराची लागावी तशी
डोपामिनला हवा लागली.
सकाळी त्याच्यावर गुलाबीसर छटा,
लाजल्यासारखी.
दुपारी चहा.
सोमवारी काळं.
आलेखावरचं ते एकटं शिखर, ज्याच्यासाठी मी
दोन हिवाळे दिले, ते उतारात बुडून गेलं होतं;
आता ते द्रावण
जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत
येईल तो रंग गिळत होतं.
मारेट म्हणाली, फेक ते,
आणि घास लगेच, कशालाही चिकटतं हे.
चिकटलंच होतं.

मी ती ट्यूबलाइटसमोर धरली.
हा रंग मला माहीत होता.
आमच्या दलदलीतलं तळं:
हात घातला की मनगटापर्यंत सोनेरी,
कोपरापर्यंत तपकिरी,
त्यापुढे हात नाहीच.
सहा वर्षांची मी त्या पाण्यावर पालथी,
आणि पोटाखाली वडिलांचा तळवा.
दिसत नव्हता.
इतका स्थिर होता की मला वाटलं, तळच आहे.

मेंदूच्या देठाशी दोन काळ्या पट्ट्या असतात
धडधाकट माणसाच्या.
याच रेणूपासून,
असंच सावकाश काळवंडत साठलेलं काहीतरी.
वडिलांच्या पट्ट्या फिकट झाल्या असणार,
डॉक्टर इतक्या साधेपणानं म्हणाले
की मी मान डोलावली.
माझ्या टेबलावर काळं पडलं की प्रयोग वाया.
त्यांच्याकडे मात्र

शनिवारी पुन्हा टकटक.
"काय उजेड पाडलास?"
"या आठवड्यात अंधार पडला," मी म्हणाले.
"अख्खं द्रावण काळं झालं, बाबा. पीटसारखं."
ते थोडा वेळ गप्प. टकटक.
मग धंद्यातला माणूस बोलतो तसं,
"फिकट पीट नुसता धूर करतं.
काळं असेल तर ठेव.
मार्चपर्यंत पुरतं ते."

वर्षअखेरीस मारेटनं सामान मोजलं.
क्युव्हेट एक कमी भरली.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मी खिडकीकडे.
बाहेर चार वाजायचे होते
आणि दिवस दुकान आवरत होता.