अंगठ्याआधी

कागद अकरा पानांचा.
इंग्रजीतून धोलुओत मीच आणलेला,
आणि जिथे अडले तो शब्द अजून रुतून आहे
घशात माशाचा काटा रुतावा तसा.

औषधासारखं दिसणारं, औषधाच्याच चवीचं,
पण औषध नव्हे.
आमच्या भाषेत याला नाव नाही.
खोटं औषध म्हणावं, तर खोटं बोललं कोण?
नुसतं साखरपाणी म्हणावं, तर अंगठा कोण देईल?
शेवटी लिहिलं : रिकामं औषध.
समितीने मान डोलावली. त्यांना धोलुओ येत नव्हती.

आडोयो सरोवराकाठी जाळ्यावर ओमेना वाळत घालत होती,
बोटभरही नसलेले ते रुपेरी मासे.
पाठीला बांधलेला सात महिन्यांचा ओचोला,
बाप गेल्यावर जन्मलेल्याला देतात ते नाव.
मी वाचत होते, ती कोंबड्या हाकलत होती.

सहाव्या पानावर म्हणाली, थांब.
चिठ्ठ्या टाकून ठरवणार, कुणाला भरलेलं, कुणाला रिकामं?
हो.
तुला कळेल कुठलं ते?
नाही.
डॉक्टरला?
त्यालाही नाही.
मग ठाऊक कुणाला?
मी म्हटलं, किसुमूत एक कॉम्प्युटर आहे.
ती इतकी हसली की पोर जागं झालं.

माझ्या पोराला याचा फायदा?
पान सात, दुसरा परिच्छेद.
हे वाक्य मी नेहमी जरा भरभर वाचायचे.
त्या दिवशीही वाचलं असतं,
पण तिने टोपली खाली ठेवली होती.
कदाचित.
काहीच.
नाही.

मग कुणाला?
अजून जन्मायच्या मुलांना.
कुणाच्या?
अकरा पानांत हे नव्हतं.

साबणाच्या दोन वड्या, एक मच्छरदाणी, जाण्यायेण्याचं भाडं.
जास्त दिलं तर आमिष, कमी दिलं तर लूट,
असं प्रशिक्षणात शिकवलं होतं.
मधली रेघ नेमकी कुठे, असं कुणीतरी विचारलं
तेव्हा सर पाणी प्यायले.

त्या दिवशी तिने अंगठा दिला नाही.
चौथ्या दिवशी आली, साक्षीला सासू घेऊन.
म्हणाली, आधी माझं एक लिही :
संपल्यावर परत येऊन सांगायचं. काहीही निघो.
त्यासाठी कागदावर जागा नव्हती.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं,
आणि मग तो निळा अंगठा, थोडा फाकलेला,
माशाचा एक खवला त्यात चिकटलेला.

ओचोला झाला चारशे सतरा.
त्याचं रक्त, थेंबाथेंबाने,
त्याने कधी न पाहिलेल्या बर्फात जाऊन बसलं.
ताप येत राहिला, जात राहिला.
तीन वर्षांनी गाडी गेली, पाटी उतरली,
फाटकाच्या खांबाला चार भोकं राहिली.
कुठल्याशा नियतकालिकात छापून आलं :
दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

नवी नोकरी लागली होती मला, दुसऱ्याच गावी.
पेन्सिलीचं अक्षर पुसट असतं,
पण रात्री वाचता येतं.
मोटारसायकलवाल्याला पदरचे पैसे देऊन गेले.

सांगितलं : औषध चाललं नाही.
भरलेलं काय, रिकामं काय, ताप सारखाच.
ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
याला कुठलं मिळालं होतं?
आता यादी उघडली होती, मला माहीत होतं.
रिकामं, म्हटलं.
म्हणजे याच्या अंगातून नुसतं गेलंच, ती म्हणाली,
आत काही आलं नाही.

मी गप्प.
ओचोला कोंबड्यांमागे धावत होता,
गुडघ्याला ताजं खरचटलेलं,
त्या रक्ताची नोंद करणारं आता कुणी नव्हतं.

आता ते औषध दुसऱ्या पोरांना पाजणार नाहीत ना?
नाही.
हं, म्हणाली.
या हंकाराचं भाषांतर मला जमत नाही. मी प्रयत्न केलेला नाही असं नाही.

निघताना तिने वर्तमानपत्रात ओमेना बांधून दिले.
पैसे घेतले. पुरते मोजून,
जास्त नाही,
कमी नाही.