भांडकडा

आमच्या प्रत्येक टोपाच्या काठावर नाव ठोकलंय:
पो. ल. मढवी, ओवे.
टिंबाटिंबांचं. अंधारातही बोटाला वाचता येतं.
तरी पळ्या हरवतात.
टोप नेणाऱ्याला लाज वाटते,
पळी पदराआड मावते.

सासू म्हणायची, हा धंदा मुळात आपला नाही,
कड्याचा आहे.
तेव्हा खारघरला सेक्टर नव्हते, खाजण होतं.
लग्न ठरलं की नवऱ्याचा बाप सांजचा एकटा वर जायचा,
डोहाच्या खडकावर सुपारी ठेवायचा
आणि पाण्याच्या वर आवाज काढून सांगायचा:
चार तपेली, दोन हंडे, पराती माणसांपुरत्या.
मागे न बघता उतरायचा.
पहाटे डोहाच्या काठाला भांडी लागलेली असत,
तांब्याची, ओली, पालथी.
हळद उतरली की चिंच लावून घासायची,
मोजायची, डोहात सोडायची.
डिपॉझिट नाही, पावती नाही.

मग कुणीतरी एक पळी ठेवून घेतली.
आम्ही आगरी म्हणतो, ठाकरांनी.
वरच्या वाडीतले ठाकर म्हणतात, आगऱ्यांनी.
दोघं एकत्र बसले की म्हणतात,
वाटेनं जाणारा कुणी वाणी होता.
सासू यावर काही बोलत नसे.
तिच्या चुलीमागे एक पळी होती, दांडा वाकलेली,
जिनं कधी काही वाढलं नाही.
मी विचारलं नाही.
नवी सून काय काय विचारणार?

तेव्हापासून कडा देत नाही.
आता घेतो, असं लोक म्हणतात,
दर पावसाळ्यात एक, पळीच्या बदल्यात.
मला हे पटत नाही.
तीस वर्षं मी भांडी भाड्यानं देते.
एका पळीपायी कुणी कुणाचं पोर ठेवून घेत नाही.
मी ऐंशी रुपये कापते.

गेल्या आषाढात कोपरखैरण्याचा एक मुलगा गेला. श्रेयांक.
बंदीची पाटी ओलांडून, चपला खडकावर नीट जोडून ठेवून.
डांबरी रस्ता आमच्या गोडाऊनपाशी संपतो,
म्हणून त्याची आई आमच्याच खुर्चीवर बसली,
लाल मखमलीची, नवरीसाठी असते ती.
आमच्याकडे दुसरी रिकामी नव्हती.
मी पाणबुड्यांसाठी मोठ्या टोपात चहा ठेवला.
एक दिवस. दुसरा दिवस.
कुणीतरी तिच्या कानावर ती गोष्ट घातलीच,
आपल्या गावाला जीभ आवरत नाही.
मला वाटलं, आता ही शिव्या घालेल, गावाला, कड्याला, मला.
ती म्हणाली,
‘पण मागितलं तर द्यायचा ना?’

बंदोबस्ताचा हवालदार तोंड फिरवून तंबाखू मळत राहिला.
आम्ही दोघी वर गेलो, सांजच्याला.
सुपारी तिनं ठेवली.
काय मागितलं ते मला ऐकू आलं नाही,
पाणी फार मोठ्यानं पडत होतं.
तिची पाठ होती माझ्याकडे,
तेवढ्यात मी कमरेला खोचलेली पळी काढली
आणि सोडली.
आवाजसुद्धा झाला नाही.
उतरताना ती एकदाही वळली नाही.
मी वळले.

पहाटे तो काठाला लागला होता,
ओला, पालथा.

पळीमुळे, असं मी म्हणत नाही.
तिसऱ्या दिवशी बुडालेला वर येतोच,
पाणबुड्यांमधला काथोर म्हणाला,
आणि त्यानं असे पुष्कळ काढलेत.

ॲम्ब्युलन्स उभी होती. नातेवाईक हाका मारत होते.
ती मोरीपाशी उकिडवी बसून
चहाचे कप विसळत होती.
त्रेसष्ट, म्हणाली. बघून घ्या.
मी म्हटलं, राहू द्या हो, ताई.
तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजले.